हिमावरणाची नोंद : आकडा बदलला, पण ज्ञान अद्ययावत झालं का?

आज आपण ज्ञानकोशीय लेखनाच्या एका सवयीची चिकित्सा करू. उदाहरण घेऊ हिमावरणाचं, म्हणजे पृथ्वीच्या गोठलेल्या भागांचं. समुद्रावरचा बर्फ, हिमनद्या, ग्रीनलँड-अंटार्क्टिकावरचे प्रचंड हिमस्तर, गोठलेली जमीन, हे सगळं त्यात येतं. ऑनलाइन कोशात अशी नोंद ‘अद्ययावत’ करायची म्हणजे बहुधा काय करतात? जुना आकडा पुसतात, नवा लिहितात. वाक्य तेच राहतं. आपला आक्षेप इथेच आहे.

आधी लक्षण पाहू. ‘पर्माफ्रॉस्ट’ या नावातच कायमपणा आहे. पण शास्त्रीय लक्षण काय? सलग किमान दोन वर्षं शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे, असंही नाही. म्हणजे नाव म्हणतं कायम, आणि लक्षण म्हणतं दोन वर्षं! ‘कायम गोठलेली जमीन’ एवढंच लिहून पुढे गेलो, तर ती वितळते कशी, हे वाचकाला कोडंच वाटणार.

आता आकडे घ्या. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ सप्टेंबर २०१४ मध्ये २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाखांच्या आसपास होता. दोन्ही विधानं खरी. पण शेजारी शेजारी ठेवली की वाटतं, नऊ वर्षांत जवळजवळ सगळा बर्फ गेला. तसं नाही. तिथे सप्टेंबर हा हिवाळ्याचा शेवट, फेब्रुवारी हा उन्हाळ्याचा. फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशीच करायची. तशी केली तरी २०२३ चा तो आकडा उपग्रहांच्या नोंदीतला तोवरचा नीचांक होताच. महिना गाळला, की खऱ्या आकड्यांतूनही खोटं अनुमान निघतं.

तिसरा मुद्दा शब्दप्रमाणाचा. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात एक विधान होतं : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. ते आलं होतं एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालातून. मूळ मोजमापापर्यंत कुणी गेलंच नाही. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या नैयायिकांनी आप्ताचं वचन प्रमाण मानलं; पण आप्त कोण? ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे तो. एका अहवालानं दुसऱ्याचा हवाला दिला, एवढ्यानं कुणी आप्त ठरत नाही.

बरं, मग ते वाक्य खोडलं की काम संपलं? नाही. नुसतं खोडलं तर वाचक म्हणणार, ‘म्हणजे हिमालयाला काही धोका नाही तर!’ पण हिंदुकुश-हिमालयाच्या २०१९ च्या मूल्यांकनानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर तिथला सुमारे एक तृतीयांश बर्फ जाईल. तारीख चुकली होती; दिशा नाही. हा फरक नोंदीत दिसला नाही, तर चूक दुरुस्त करूनही आपण वाचकाला फसवतो.

तेव्हा अशा नोंदीकडून आपण तीन गोष्टी मागू या : आकड्याला वर्ष आणि महिना, विधानाला मोजणाऱ्यापर्यंत जाणारा माग, आणि रद्द झालेल्या विधानाचं कारण. वस्तूच बदलते आहे. तिच्याबद्दल नुसतं ‘आहे’ म्हणून चालणार नाही. ‘केव्हा होती’ आणि ‘कुणी पाहिली’ हेही सांगावं लागेल.