शुभवर्तमानांतील ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ : एका भाषांतरप्रश्नाचा विचार

बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी नवा करार बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. पुढेही नवी भाषांतरे होत राहिली. या दीर्घ परंपरेत एका ग्रीक शब्दाने मराठी भाषांतरकारांची सतत अडवणूक केली आहे. तो शब्द ‘पेइरास्मोस’. प्रचलित पाठांत त्यासाठी कोठे ‘परीक्षा’ आणि कोठे ‘मोह’ असे दोन शब्द आढळतात, आणि वाचक त्यांना एकमेकांचे पर्याय समजतो. ते तसे नाहीत, आणि निदान शुभवर्तमानांपुरता ‘परीक्षा’ हाच शब्द युक्त ठरतो, असे प्रस्तुत टिपणाचे म्हणणे आहे.

प्रथम मराठीच्या घडणीचा विचार करू. ‘मला मोह झाला’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे आणि मोह घालणारा कोणी दिसत नाही; मोहाचे मूळ अनुभवणाऱ्याच्या मनातच असल्याचे भाषा गृहीत धरते. उलट ‘परीक्षा घेणे’ किंवा ‘परीक्षा पाहणे’ म्हणताच घेणारा आणि देणारा असे दोन पक्ष उभे राहतात. मत्तय ४:१ मधील ग्रीक रचनेत हे दोन्ही पक्ष आहेत: येशूला आत्मा रानात नेतो आणि सैतान त्याची पारख करतो.

यावर कोणी म्हणेल की ‘मोहात पाडणे’ या प्रयोजक प्रयोगात कर्ता आहेच. आहे खरा, परंतु ‘पाडणे’ हे क्रियापद फल सिद्ध झाल्याचे सांगते. सैतानाने येशूला मोहात पाडले असे लिहिले की कथेचा शेवटच उलटा होतो; म्हणून भाषांतरकाराला ‘पाडू पाहिले’ असा आधार शोधावा लागतो. ‘परीक्षा घेतली’ या प्रयोगाला असा आधार लागत नाही, कारण त्यात निकाल मोकळा राहतो. ‘पेइराझेइन’ या ग्रीक धातूचा मूळ अर्थही ‘करून पाहणे, अजमावणे’ असाच आहे.

अर्थदृष्ट्याही हेच दिसते. चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला भाकरी हवीशी वाटणे हा मोह नव्हे, ती भूक होय. सैतानाचा रोख पुत्रत्वावर आहे: पुत्र असशील तर ते सिद्ध करून दाखव, ही त्याची अट आहे. येशूची तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतून येतात, आणि आठव्या अध्यायात इस्राएलाची चाळीस वर्षांची रानातील वाटचाल ही देवाने घेतलेली परीक्षा म्हणून सांगितली आहे. म्हणजे चाळीस वर्षांच्या परीक्षेचे स्मरण चाळीस दिवसांच्या प्रसंगात जागे ठेवले आहे. ‘मोह’ शब्द योजला की हा धागा तुटतो.

तथापि सर्वांत निर्णायक पुरावा पेरणाऱ्याच्या दृष्टांतात सापडतो. खडकाळ जमिनीवर पडलेले बी उगवते, पण मूळ खोल नसल्याने वाळते. मार्क (४:१७) आणि मत्तय (१३:२१) याचा अर्थ सांगताना संकट आणि छळ हे शब्द वापरतात. लूक (८:१३) त्याच जागी ‘पेइरास्मोस’ हा एकच शब्द ठेवतो. त्याच दृष्टांतात संपत्तीची भुरळ आणि इतर वासना यांना स्वतंत्र जागा आहे, ती काटेऱ्यांची. म्हणजे उन्हाने करपणे वेगळे आणि काट्यांनी गुदमरणे वेगळे. लूकच्या ‘पेइरास्मोस’साठी ‘मोह’ लिहिणारा भाषांतरकार खडकावरचे रोप काटेऱ्यांत नेऊन लावतो.

‘परीक्षा’ हा शब्द मात्र सर्वस्वी निर्धोक नाही. मराठी मनात तो सत्त्वपरीक्षेच्या कथा जागवतो: हरिश्चंद्राची, चिलयाची, किंवा पैठणला गोदास्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर वारंवार थुंकणाऱ्या माणसाची. हरिश्चंद्राच्या व चिलयाच्या कथांत परीक्षा संपताच गमावलेले परत मिळते, आणि एकनाथांच्या आख्यायिकेत त्रास देणाराच शरण येतो. शुभवर्तमानांतील परीक्षा अशी फिटत नाही. लूक (४:१३) सांगतो की सैतान योग्य संधी मिळेपर्यंत दूर झाला. आणि मत्तय (२७:४०) यात रानातील तीच पुत्रत्वाची अट वधस्तंभाजवळून जाणाऱ्यांच्या तोंडी पुन्हा ऐकू येते. शिवाय सत्त्वपरीक्षेतील नायक परीक्षेला छातीठोकपणे सामोरा जातो, तर गेथशेमानेत येशू शिष्यांना परीक्षेत सापडू नये म्हणून प्रार्थना करावयास सांगतो. आपण कधीच ढळणार नाही असे म्हणणारा पेत्र त्याच रात्री ढळतो. स्वतःच्या बळाचा हा अविश्वास सत्त्वपरीक्षेच्या साच्यात बसत नाही, हे टीकाकाराने वाचकाला सांगितले पाहिजे.

प्रभूच्या प्रार्थनेतील विनंतीचा अर्थ याच प्रकाशात लावावा लागतो. देव माणसाला तेथे नेतो काय, या शंकेने फ्रेंच कॅथलिक पाठ २०१७ साली बदलला, आणि इटालियन पाठातील बदल २०२० साली उपासनेत आला. त्या चर्चेचा भर ‘नेणे’ या क्रियेवर होता. मराठीपुढे त्याआधीचा प्रश्न आहे: कोठे नेणे?

हा प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. प्रस्तुत लेखक ज्या बिडकीनच्या बोलीत वाढला, तीत पाऊस ओढ देतो तेव्हा माणसे ‘देव परीक्षा पाहतो’ असे म्हणतात. कोणी मोहाचे नाव काढीत नाही. अलीकडच्या काळात याच परिसरातील शेतजमिनी दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी संपादित झाल्या आणि मोबदल्याचा पैसा घरोघरी आला. त्या पैशासंबंधी बोलताना ‘मोह’ हा शब्द आपोआप ओठांवर येतो. एक खडक, दुसरे काटेरी. लोकभाषेने हा विवेक राखलेला आहे. दुष्काळात प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडी ‘मोह’ हा शब्द घातला, तर त्याच्या संकटाला आपण नकळत त्याचाच दोष ठरवितो. भाषांतरकाराने निदान एवढा अन्याय टाळावा: वासना व संपत्तीची भुरळ यांसाठी ‘मोह’ राखावा, आणि ‘पेइरास्मोस’ला ‘परीक्षा’च म्हणावे.