अकरावी विज्ञान : पट आणि गुणवत्ता

वर्ग लहान म्हणजे गुणवत्ता, हे आपण सर्रास म्हणतो. आधार म्हणून टेनेसीतील १९८५ ते १९८९ चा प्रयोग सांगितला जातो. तेथे १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा सरस ठरले. पण ती मुले बालवर्ग ते तिसरीची होती. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही आठवीलाच थांबतो.

मग वरोऱ्यासारख्या गावातील अकरावी विज्ञानाचे काय? फळ्यावरचे गणित साठ जणांनाही दिसते. ब्युरेटची तोटी मात्र एका वेळी एकच हात फिरवितो; उरलेले वाचन उतरवून घेतात. म्हणून आम्ही म्हणतो, पटाआधी प्रत्येकाच्या हाती उपकरण किती मिनिटे येते, ते शिक्षकांनी मोजावे.