‘पहिल्यांदा’ हा शब्द वाचताना थांबा

दिवाळीनंतर शहापूरहून मुरबाडकडे जाताना भाताच्या पेंढ्याच्या उडव्या दिसतात. या पेंढ्याचा साधारण तिसरा हिस्सा सेल्युलोज. पेंढा भिजला की कुजतो, कारण बुरशी सेल्युलेज नावाचं एन्झाइम सोडून सेल्युलोजची साखळी तोडते. आज जो पेपर तपासायचाय, त्यात याच एन्झाइमकडून साखळी जोडून घेतली आहे.

पेपर १९९१चा, जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या शिरो कोबायाशी आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी सेलोबायोजला, म्हणजे ग्लुकोजच्या जोडीला, फ्लोरीन लावला. एन्झाइम फ्लोरीन काढतं आणि त्या जागी पुढची साखर जोडतं. पाणी जास्त असेल तर साखरेऐवजी पाणीच येऊन बसतं आणि तयार साखळीही तुटते. म्हणून द्रावणात ५ भाग ऍसिटोनायट्राइल आणि १ भाग बफर. तोडणाऱ्या एन्झाइमला पाणी कमी देऊन जोडायला लावणं, ही या कामाची खरी ताकद.

आता मर्यादा बघा. साखळी सुमारे २२ ग्लुकोजची. झाडात ती हजारोंची असते. स्फटिक मिळाला तो सेल्युलोज-२, झाडातला सेल्युलोज-१ नव्हे. सेल्युलोज-१ मिळाल्याचा पेपर १९९४मध्ये आला, तोही एन्झाइम काही प्रमाणात शुद्ध केल्यावर.

आणि ‘पहिल्यांदा’चं काय? १९५८मध्येच लुईस ग्लेझर यांनी जिवाणूच्या पेशीविरहित अर्कात यूडीपी-ग्लुकोजपासून सेल्युलोज बनवलं होतं. मग कोबायाशींचा दावा खोटा? नाही. त्यांच्या शीर्षकातच ‘जैवसंश्लेषणाचा नसलेल्या मार्गाने’ असं स्पष्ट म्हटलंय. पुढे सांगणारे तेवढंच विशेषण गाळतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही गाळलं होतं आणि गाइडच्या एका प्रश्नात अख्खी प्रस्तावना कोसळली.

झाडाच्या मार्गाचं एक उदाहरण २०१६चं. पुरुषोत्तम आणि सहकाऱ्यांनी हायब्रिड ॲस्पेन झाडाचं एकच सेल्युलोज सिंथेज यीस्टमध्ये तयार केलं, मेदाच्या पटलात बसवलं, आणि यूडीपी-ग्लुकोज दिल्यावर सूक्ष्म तंतू मिळाले.

तेव्हा ‘प्रयोगशाळेत बनवलं’ असं वाचलंत की तीन गोष्टी विचारा: कशापासून, किती लांब, कोणत्या रूपात? उत्तरं पेपरमध्येच असतात. फक्त ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका, आणि शीर्षकातलं विशेषण तर अजिबात सोडू नका.