रझांच्या रंगांतले रान

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे बालपण मंडला जिल्ह्यातल्या रानात, नर्मदेच्या मुलुखात गेले. वडील वनखात्यात होते. नागपूर, मुंबईत शिकून १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथेच रंगवलेल्या ‘तपोवन’ (१९७२) या चित्रात झाडाची पाने मोजता येत नाहीत. काळ्या-तपकिरी रंगांतून लाल-पिवळे फुटतात आणि रान जाणवते. हा रंग झाडाचा नाही, आठवणीचा आहे. साठ वर्षे परदेशात काढलेल्या रझांची कबरही मंडल्यातच आहे.

आमच्या उर्दू शाळेत एका मुलाने पुरातली कुंडलिका मातकट रंगवली. ‘नदी निळी असते’ म्हणून आम्हीच ती खोडायला लावली. जालन्यात पुराचे पाणी मातकटच असते. चूक आमची होती. आता आम्ही मुलांना आधी नदीवर नेतो, मग रंगपेटी उघडतो.