दम्याच्या आकृतीत कफ कुठे आहे?

दमा शिकवताना फळ्यावर बहुधा दोन वर्तुळे काढली जातात. मोठे वर्तुळ म्हणजे निरोगी माणसाची श्वासनलिका, लहान म्हणजे दमेकऱ्याची. भोवतीचे स्नायू आवळले, नलिका अरुंद झाली, धाप लागली. ही आकृती चुकीची नाही. त्रिज्या निम्मी झाली की नळीतील प्रवाहाला होणारा विरोध १६ पट वाढतो, हे भौतिकशास्त्रही तिच्यावरून चांगले शिकवता येते. पण आकृती अपुरी आहे, आणि तिच्यातून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतात तो धोक्याचा आहे.

या आकृतीत कफ असलाच, तर आतल्या कडेने ओढलेली पिवळी रेघ एवढाच असतो. जणू अरुंद नळीत साचलेला गाळ! प्रत्यक्षात कफ हा नलिकेच्या अस्तराचाच स्राव आहे, आणि निरोगी माणसालाही तो हवाच असतो. त्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे. धूळ व जंतू त्यात अडकतात आणि अस्तरावरचे सूक्ष्म रोम हा थर घशाकडे ढकलत राहतात.

दम्यात अस्तराला सूज असते. अनेक रुग्णांमध्ये या सुजेतील पेशी इंटरल्यूकिन-१३ हे रसायन सोडतात. त्यामुळे कफ स्रवणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या चषक पेशी वाढतात. एका विशिष्ट म्युसिनचे प्रमाण वाढून कफ अस्तराला धरून बसतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळे म्युसिनचे धागे एकमेकांत गुंफले जातात. मग रोमांना तो घट्ट कफ हलवता येत नाही आणि नलिकेत बूच बसते.

ही माहिती नवी नाही. दम्याने दगावलेल्यांच्या श्वासनलिकांत अशी बुचे असतात, हे ह्यूबर व केसलर यांनी १९२२ सालीच नोंदवले होते. २०१८ साली अमेरिकेतील एका अभ्यासात १४६ दमेकऱ्यांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा ५८ टक्के रुग्णांत बुचे दिसली. काहींत ती त्याच जागी वर्षानुवर्षे टिकून होती.

आता धोका पाहा. दोन वर्तुळांची आकृती पाहिलेला विद्यार्थी म्हणेल, 'स्नायू सैल करणारा पंप ओढला की दमा संपला.' तो पंप काही मिनिटांत आराम देतो हे खरे. पण सूज आणि कफाचे बूच त्याने जात नाही. सूज कमी करायला श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड नियमित लागते. म्हणूनच 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ झटपट आरामाच्या पंपावर ठेवू नये, असे सांगितले आहे.

तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर तिसरे वर्तुळही काढावे: स्नायू सैल, नलिका रुंद, आणि आत बूच. मग वर्गाला विचारावे, 'आता हवा जाईल का?' उत्तर मुलेच देतील.