फिलिंगेनची बैठक

ऑस्कर पीटरसनचा पियानो ज्यांनी फक्त अमेरिकी तबकड्यांवर ऐकला आहे, त्यांनी एकदा ‘ॲक्शन’ लावून पाहावी. दोन मिनिटांत कळतं की आपण सभागृहात नाही. पियानो अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखा जवळ आहे, आणि रे ब्राउनच्या बासची तार बोटाखालून निसटते तो आवाजही कानातून सुटत नाही. ही तबकडी मुद्रित झाली ती जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन या लहानशा गावी, एका बंगल्याच्या दिवाणखान्यात. ऐकायला यजमानाचे मोजके मित्र. यजमान स्वतः मात्र ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांपाशी.

हे यजमान म्हणजे हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या ‘साबा’ या घराण्याच्या कंपनीचे वारस, पिंडाने तंत्रज्ञ आणि हौसेने पियानोवादक. पीटरसन 1963 पासून त्यांच्या घरी वाजवायला येऊ लागला, पण तो दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्यामुळे टेप घरातच राहिल्या. 1968 पासून त्या ‘एक्स्क्लुझिव्हली फॉर माय फ्रेंड्स’ या मालिकेतून बाहेर आल्या. शीर्षकं बहुतेकदा थोडी थापाडी असतात. हे मात्र शब्दशः खरं होतं. त्याच मालिकेतली ‘माय फेव्हरिट इन्स्ट्रुमेंट’ ही पीटरसनची संपूर्ण एकलवादनाची पहिली तबकडी. तोवर डझनावारी तबकड्या निघालेल्या या वादकाला एकट्याने बसवून ऐकावं, हे सुचलं ते या गावात.

1968 सालीच साबाचा बहुतांश हिस्सा एका अमेरिकी कंपनीकडे गेला आणि ब्रुनर-श्वेरनी संगीताचा संसार वेगळा थाटला. नाव ‘एमपीएस’, म्हणजे ‘ब्लॅक फॉरेस्ट संगीतनिर्मिती’. एखाद्या सहकारी दूध संघाला शोभावं इतकं साधं.

युरोपातल्या स्वतंत्र जॅझ-कंपन्यांचा विषय निघाला की एमपीएसबद्दल थोडं नाक मुरडलं जातं. त्या सुमारास उभ्या राहिलेल्या इतर कंपन्यांची कुळकथा गरिबीची आहे. कोपनहेगनचा निल्स विंथर विद्यार्थिदशेत माँमार्त्र क्लबमधल्या मैफली टेप करता करता ‘स्टीपलचेस’पर्यंत पोचला. लंडनची ‘इंकस’ तर वादकांनीच काढली. त्यांच्या पंक्तीत कारखानदाराचा वारस कसा बसणार? मला हा आक्षेप पटत नाही. पैसा कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या कानाने खर्च झाला, हे मी पाहतो. ब्रुनर-श्वेरचा कान स्वच्छ स्विंगचा, पियानोचा, सुरेल समूहगायनाचा होता. तरीही साबाच्याच काळात त्यांनी मुक्त जॅझवाल्या श्लिपेनबाखची 1966 साली मुद्रित झालेली ‘ग्लोब युनिटी’ काढली, आणि पुढे डॉन चेरीची ‘इटर्नल रिदम’. यजमानाच्या दिवाणखान्यात ही मंडळी शोभली नसती. ती आली योआखिम-अर्न्स्ट बेरेंट या समीक्षक-निर्मात्याच्या हट्टामुळे. मालकाने स्वतःच्या आवडीबाहेरचं संगीत आपल्या नावावर खपवून घेतलं, याला मी स्वातंत्र्य म्हणतो.

बेरेंटच्या हट्टाचं एक फळ आपल्या ओळखीचं आहे. 1967 साली फिलिंगेनमध्ये ‘जॅझ मीट्स इंडिया’ मुद्रित झाली. एका बाजूला स्विस पियानिस्ट इरेन श्वाइत्सरचं त्रिकूट, मानफ्रेड शूफचा ट्रम्पेट आणि बार्नी विलेनचा सॅक्सोफोन. दुसऱ्या बाजूला सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर मूळचे मुंबईचे, लंडनवासी झालेले केशव साठे. शूफच्या रचनेचं नाव ‘ब्रिगाख अँड गँजेस’. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी, पुढे डॅन्यूबला जन्म देणारी छोटी नदी. गावातल्या ओहोळवजा नदीला गंगेच्या शेजारी बसवण्यातला मिश्कीलपणा मला फार आवडतो. संगीत मात्र नावाइतकं सैल नाही. बराच वेळ दोन्ही पक्ष पाळीपाळीने बोलतात, जणू सभाध्यक्षांनी वेळ वाटून दिली आहे. रागाला उलगडायला लागणारी सवड इथे कोणी देत नाही. जान येते ती साठ्यांचा तबला आणि मानी नॉयमायरचे ड्रम समोरासमोर आल्यावर. तिथे भाषांतराची गरज उरत नाही. प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. अर्धा साधला. पुढच्या कितीतरी ‘फ्यूजन’ तबकड्यांना एवढंही जमलेलं नाही.

दुसरा दोषही सांगून टाकतो. एमपीएसचा आवाज कधी कधी अतिच चकचकीत आहे. म्युनिकच्या ‘ईसीएम’ने वाद्याभोवतीची हवा, अंतर आणि शांतता मुद्रित केली, फिलिंगेनने वाद्याचं शरीर पकडलं. जोरकस वादकाला ही जवळीक मानवते. हळव्या वादकाची मात्र त्यात झाक उडते.

ब्रुनर-श्वेर 2004 साली अपघातात गेले. ‘एन्या’ या जॅझ-कंपनीचे माथियास विंकेलमान 2022 मध्ये, ‘एफएमपी’ या दुसऱ्या कंपनीचे योस्ट गेबर्स 2023 मध्ये. संस्थापकांची ती पिढी ओसरते आहे आणि तबकड्यांची भांडारं हस्तांतरित होत आहेत. एमपीएसचं 2014 साली हॅम्बुर्गच्या ‘एडेल’कडे गेलं. पुनर्मुद्रणं छान निघतात, जाड विनाइलवर, जुन्याच वेष्टनांत. मुद्रण आज कुणालाही घरबसल्या करता येतं, त्यामुळे नव्या तबकड्यांचाही तुटवडा नाही. तुटवडा आहे तो वादकाला वर्षानुवर्षं घरी बोलावणाऱ्या, त्याच्यासाठी पियानो लावून ठेवणाऱ्या आणि टेप फिरत असताना गप्प बसणाऱ्या माणसाचा. कंत्राट मोकळं होईपर्यंत पाच वर्षं थांबायची तयारी आज कोणत्या निर्मात्याकडे आहे?

फिलिंगेनचा स्टुडिओ जतन केलेला आहे. तिथवर जाणं जमेल तेव्हा जमेल. तोवर ‘माय फेव्हरिट इन्स्ट्रुमेंट’ ऐका. हेडफोनवर नको. खोलीत, दोन-चार मित्रांना बोलावून.