एका मिलिमीटरच्या शैली

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती ‘स्टाईल कोणती’ याची. जपांडी की स्कँडिनेव्हियन, इंडस्ट्रियल की बोहो, मॉडर्न क्लासिक की ‘थोडा ट्रॅडिशनल टच’? डिझायनर लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं दाखवतो, नमुन्यांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडतात आणि तीन पिढ्यांचं कशावरच एकमत होत नाही. काही महिन्यांनी काम उरकतं तेव्हा एकाच इमारतीतल्या सहा घरांनी सहा वेगळे मुखवटे चढवलेले असतात. आतला सांगाडा मात्र सहाही घरांत तोच: १८-१९ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या पेट्या, भिंतीला स्क्रूने जखडलेल्या, आणि त्यांवर चिकटवलेलं साधारण एक मिलिमीटर जाडीचं लॅमिनेट. शैलींचा सगळा वाद त्या एका मिलिमीटरात चाललेला असतो.

आपल्या गृहसजावटीत गेल्या शंभर वर्षांत झालेला मोठा बदल कोणत्याच शैलीच्या नावाने ओळखला जात नाही. हलत्या सामानाच्या घरातून आपण खिळलेल्या सामानाच्या घरात आलो, हा तो बदल. या कलेची आजची उंची आणि खोली मोजायची तर फूटपट्टी तीच धरावी लागेल.

जुन्या वाड्यात सामान ठेवण्याची सोय भिंतीच्या पोटात असे. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीत कोनाडे, फडताळं आणि खुंट्या. जमिनीवर जवळजवळ काही नाही. बैठकीच्या गाद्या, लोड-तक्के, पाट, चौरंग, तिवई या सगळ्या वस्तू उचलण्याजोग्या होत्या. जेवणाची पंगत उठली की त्याच माजघरात धान्य निवडायला बसता येई. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली तर एकाच दिवसात बैठकीची, जेवणाची, अभ्यासाची आणि झोपण्याची होत असे, कारण वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात गेल्या की जमीन मोकळी व्हायची. याचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. ती मांडामांड आणि आवराआवर रोज कुणीतरी करत होतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातली बाई होती. माजघरं अंधारी होती, चुलीचा धूर होता आणि एकांत कुणालाच नव्हता. तेव्हा पलंग, ओटा आणि दार लागणारी खोली यांची हौस मराठी मध्यमवर्गाला लागली, त्यात चुकीचं काही नाही. ती चैन नव्हती, गरज होती.

१९३०च्या दशकातल्या मुंबईने या गरजेला पहिलं देखणं उत्तर दिलं. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामुळे त्यांच्या दर्शनी भागाबद्दल आता पुष्कळ बोललं जातं. पण तीच वक्र बाल्कनी, तेच जाळीकाम आणि तोच प्रशस्त जिना शिवाजी पार्क, दादर आणि माटुंग्यालाही आला आणि तिथे मराठी कुटुंबं राहायला गेली. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. घर ही हौसेने, विचारपूर्वक सजवायची गोष्ट आहे, हे शहराला उघडपणे शिकवण्याचा तो प्रयत्न होता. त्या काळातल्या दोन स्वदेशी वस्तू मात्र प्रदर्शनाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाईल्सच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या, आणि १९२३पासून बनू लागलेलं गोदरेजचं पोलादी कपाट. फरशीने घराची सगळी नक्षी पायाखाली आणली. भिंत आणि खोली मोकळी राहिली. कपाट स्वतःच्या चार पायांवर उभं राहिलं आणि बदली झाली की टेम्पोत चढून कुटुंबाबरोबर दुसऱ्या गावी गेलं. लग्नात आलेली अशी कपाटं आजही नातसुनेच्या खोलीत सापडतात. आधुनिक आणि तरीही हलतं राहणारं सामान कसं असतं, याचा इतका चोख नमुना आपल्याकडे दुसरा नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बदल हळूहळू आला. शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, दिवाण, टीपॉय, पाहुण्यांसाठी फोल्डिंग कॉट हा ठरलेला संसार. त्यात काचेची शोकेस आली, मग दूरदर्शन संच आला आणि त्याच्यासाठी भिंतभर युनिट आलं. नव्वदीनंतर गृहकर्ज सोपं झालं आणि फ्लॅट वाढले. त्याच सुमारास लाकडाचं गणितही पालटलं. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये दिलेल्या आदेशाने जंगलतोडीला आणि विनापरवाना लाकूडगिरण्यांना लगाम बसला. सागवान आधीच महाग होतं. बाजार शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीच्या प्लायवूडकडे वळला आणि हरियाणातलं यमुनानगर त्याचं मोठं केंद्र झालं. जंगलाच्या दृष्टीने हे बरंच झालं. पण आठ बाय चारचा तक्ता हातात आला की सुताराच्या हातून पेटीच घडते. लाकडात लाकूड अडकवणारा कुसू आणि साळ यांचा सांधा गेला. फेविकॉल, खिळे आणि स्क्रू आले. राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले मिस्त्री घरातच मुक्काम ठोकून भिंतीच्या मापाने पेट्या बसवू लागले. त्यांचं काम सफाईदार असतं, वेग थक्क करणारा असतो. फक्त ते फर्निचर त्या एका भिंतीचंच असतं. तिथून काढलं की त्याचं सरपण होतं.

आजच्या सरासरी टूबीएचकेत काय दिसतं? स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण तिथे खिळलेल्या सामानाने बाजी मारली आहे. ट्रॉल्यांनी वाकून डबे शोधण्याचा त्रास संपवला, उभ्याने काम करण्याची उंची नीट ठरली, चिमणी आली. ओटा हलत नाही, म्हणून त्याच्या पोटातल्या पेट्यांनी हलायचं कारण नाही. तक्रार आहे ती साहित्याची. आपल्या फोडणीच्या वाफेला आणि चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणाला एमडीएफ टिकत नाही. सिंकखालचं दार फुगतं, बिजागरी सुटते. सिंकखाली तरी आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लाय घालावं, एवढी साधी गोष्ट अनेक झकपक स्वयंपाकघरांच्या अंदाजपत्रकात नसते, पण काचेच्या दारामागचे दिवे असतात.

बैठकीच्या खोलीत मात्र या कलेचं दिवाळं दिसतं. बांधकाम नियमांप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. बिल्डर त्याच्या वर फारसं जात नाही. त्या नऊ-साडेनऊ फुटांतलं अर्धा फूट आपण हौसेने फॉल्स सीलिंगला देतो. पंख्याची दांडी आखूड होते, पाती छताला भिडतात आणि वर पुरेशी हवा न मिळाल्याने वारा कमी लागतो. मग एसी अपरिहार्य होतो. समोरच्या भिंतीवर टीव्हीभोवती फ्लुटेड पॅनेल, मागून पिवळा उजेड. एके काळी स्वतःची खोली असलेलं देवघर आता पॅसेजमध्ये सीएनसीने कापलेल्या ‘ओम’च्या मागे दिवा लावून उभं असतं. आणि निजायच्या खोलीत हायड्रॉलिक बेड: खोलीचा बहुतेक भाग व्यापणारी, कधी तरी उघडायची एक पेटी. महालक्ष्म्यांना आरास मांडायची झाली, माहेरवाशीण मुलांना घेऊन आली, घरात आजारी माणूस असला, तर या घरात सरकवण्यासारखं काहीच नसतं. सगळं आधीच ठरलेलं असतं.

आता शैलींकडे. इंडस्ट्रियल म्हणजे उघडी वीट, उघडे पाइप, सिमेंटचा राखाडी रंग. गंमत अशी, की नव्या इमारतीत आधी गिलावा होतो, त्यावर पुट्टी होते आणि मग त्यावर सिमेंटसारखा दिसणारा रंग लावला जातो. ज्या मुंबईने खऱ्या गिरण्या पाडून मॉल उभारले, त्या मुंबईत गिरणीचा आभास चौरस फुटाच्या दराने विकला जातो. बोहोमध्ये वारली चित्रांची चलती आहे. माती-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांची ही कला जिव्या सोमा मशे यांनी कागद-कापडावर आणून जगभर नेली. तिथे ती चित्रकाराच्या सहीने उभी राहते. उशीच्या अभ्र्यावर आणि लॅमिनेटवर छापून येते तेव्हा ना चौक उरतो, ना सही. जपांडी, म्हणजे जपानी आणि स्कँडिनेव्हियन यांची सरमिसळ, त्यातल्या त्यात शहाणी. तिच्यात कमी सामान आणि जमिनीलगतची बैठक आहे. पण जमिनीवर बसण्याची जी सवय आपण गावंढळ म्हणून सोडली, ती जपानच्या शिक्क्याने परत विकत घेतो आहोत, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

सध्याच्या फॅशनींतली एक मात्र मनापासून आवडावी अशी आहे: वेताच्या विणीची खुर्ची. चंडीगढ वसवताना वास्तुविशारद पिएर जानेरे यांच्या नेतृत्वाखाली सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडल्या. पुढे त्या भंगारात गेल्या, परदेशी लिलावांत पोचल्या आणि २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधनं घालावी लागली. आज त्यांच्या नकला ओशिवऱ्यापासून कोथरूडपर्यंत दिसतात. नक्कल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पाठीला वारा लागतो, वेत तुटला तर पुन्हा विणता येतो, एका हाताने उचलता येते. आपल्या हवामानाचा आणि सवयींचा विचार या एका वस्तूत भरपूर आहे.

गोव्यातल्या जुन्या घरांनीही असाच विचार केला होता. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर बघायला लोक झुंबरं आणि कोरीव शिसवी खुर्च्यांसाठी जातात. पण शिकण्यासारखी गोष्ट त्या भागातल्या जुन्या खिडक्यांत आहे: लाकडी चौकटीत बसवलेले शिंपल्यांचे पातळ तुकडे, जे उन्हाचा चटका अडवून उजेड आत घेतात. रस्त्याला तोंड करून बसायचा बाल्कांव तर घराला गावाशी जोडतो. आज दिल्ली-मुंबईच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या ‘गोवन स्टाईल’ व्हिलांनी पिवळा रंग आणि कमानी उचलल्या. बाल्कांव उचलला तोही उंच कुंपणाच्या आत.

उत्तम काम होत नाही असं मुळीच नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ साली मुंबईत पुऱ्या झालेल्या कांचनजंगा इमारतीत दोन मजली उंचीच्या बाल्कन्या कोपऱ्यात खणून जुन्या बंगल्याचा व्हरांडा गगनचुंबी इमारतीत नेला. ऊन-पाऊस अडवणारा आणि वारा घेणारा. अलिबागला सुतार-गवंड्यांना बरोबर घेऊन काम करणारे वास्तुविशारद बिजॉय जैन २०२३ साली पॅरिसच्या फोंदासियाँ कार्तिये या कलासंस्थेत पोचले. पण ही घरं मोजक्यांची. साडेचारशे चौरस फुटांच्या वनबीएचकेवर या प्रतिभेने फारसा घाम गाळलेला नाही. ते काम २०२० साली तुर्भ्याला आलेल्या आयकियाने अंगावर घेतलं आणि छोट्या घरांच्या मांडलेल्या खोल्या बघायला माणसं लोटली. सुटं, हलकं, सरकवता येणारं फर्निचर ही तिथली चांगली शिकवण. पण पार्टिकल बोर्ड एकदा उकलून पुन्हा जोडलं की स्क्रू पूर्वीसारखा धरत नाही. भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या जोडप्याला हे लवकर कळतं.

मग चुकतं कुठे? दोष एकट्या डिझायनरच्या अभिरुचीचा नाही, व्यवसायाच्या रचनेचा आहे. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण दिलं. अंतर्गत सजावटकारांची आयआयआयडी ही संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. पण इंटिरियर डिझायनरची पाटी लावायला आजही परवाना लागत नाही. त्यातून मेहनताना बहुधा खर्चाच्या टक्केवारीवर किंवा चौरस फुटांवर ठरतो. भिंत रिकामी सोडा, असा सल्ला देणाऱ्याचं बिल घटतं. पॅनेल सुचवणाऱ्याचं वाढतं. कामाची पावती म्हणून इन्स्टाग्रामवर जाणारे फोटो कुटुंब राहायला येण्याआधीच काढलेले असतात, त्यांत ना वाळत घातलेले कपडे, ना इस्त्रीचं टेबल. सिनेमा-नाटकाला आपल्याकडे समीक्षक आहेत. ज्या कलेवर मध्यमवर्ग आयुष्यातली मोठी रक्कम खर्च करतो, तिला जाहिरातींच्या शेजारी छापलेल्या टिप्सखेरीज काही मिळत नाही.

तेव्हा निकाल असा: कारागिरी चोख, साहित्य मध्यम, विचार तोकडा. शैली बदलून तो वाढणार नाही. स्वयंपाकघर आणि एक भिंतीतलं कपाट सोडलं तर बाकी सगळं सुटं असावं, छत आहे तेवढं उंच राहू द्यावं, आणि प्रत्येक खोलीत एक मोठी सतरंजी पसरेल एवढी जमीन मोकळी असावी, एवढ्या तीन अटी घातल्या तरी घर निम्मं सुधारेल आणि खर्चही उतरेल. पुढच्या वेळी कुणी थ्रीडी चित्र समोर ठेवलं, तर रंगावर चर्चा करण्याआधी त्याला एवढंच विचारा: हे घर सोडताना यातलं काय काय आमच्याबरोबर येईल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर सही करू नका.